सहाशे किलोंतले साडेबारा मिलिग्रॅम

कर्करोगाच्या वॉर्डात ‘सात अधिक तीन’ म्हटलं की डॉक्टरांपासून सलाईन बदलणाऱ्या सिस्टरपर्यंत सगळ्यांना कळतं. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, आणि हे त्याच्या पहिल्या उपचाराचं नाव. एक औषध सात दिवस सलग सलाईनमधून, आणि सुरुवातीचे तीन दिवस जोडीला दुसरं. आमच्या बीड जिल्ह्यातला पेशंट बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातो, संभाजीनगरला जातो, नाहीतर उसनवारी करून मुंबईला टाटाला जातो. त्याच्या उशाशी लटकणाऱ्या बाटलीतलं सात दिवसांचं औषध म्हणजे सायटाराबिन. त्याचं मूळ फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातल्या एका स्पंजात आहे, असं मी सांगते तेव्हा सोबतच्या नातेवाइकांना ते खरं वाटत नाही. (तीन दिवसांचं औषध बहुतेक वेळा डॉनोरुबिसिन असतं. ते इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूनं दिलं.)

सायटाराबिनचा किस्सा नैसर्गिक रसायनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच ऐकवला जातो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले वर्नर बर्गमन हे कोलेस्टेरॉलच्या घराण्यातले पदार्थ शोधणारे रसायनशास्त्रज्ञ. कर्करोगाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. १९४५ मध्ये फ्लोरिडातल्या एलियट की या बेटाजवळ गोळा केलेले स्पंज त्यांच्याकडे आले. त्या जातीला तेव्हा नावही नव्हतं. वाळवलेला स्पंज अ‍ॅसिटोनमध्ये उकळायचा, म्हणजे तेलकट, चरबीसारखा भाग अ‍ॅसिटोनात उतरतो, अशी ती नेहमीची रीत. पण उकळत्या अ‍ॅसिटोनातच फ्लास्कच्या तळाशी सुबक स्फटिक जमू लागले. बर्गमन यांना हवा होता तो पदार्थ तर द्रावणात होता. तळाचा गाळ गाळून टाकून दिला असता तरी त्यांना कुणी विचारलं नसतं. त्यांनी तो ठेवला, आणि १९५० मध्ये रॉबर्ट फीनी यांच्यासोबत त्याची माहिती प्रसिद्ध केली.

डीएनए बांधायला पेशी ज्या विटा वापरते, त्यांपैकी एकीसारखाच तो पदार्थ दिसत होता. फरक होता फक्त साखरेचा. नेहमीच्या साखरेच्या जागी अरॅबिनोज नावाची दुसरीच साखर होती. पेशी फसते, ही वीट उचलून डीएनएत बसवते आणि पुढचं बांधकाम अडतं. भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना हे सगळ्यांत आधी भोवतं. अरॅबिनोज असलेली ही रचना पाहून रसायनशास्त्रज्ञांनी स्पंजाला हातही न लावता तसेच रेणू प्रयोगशाळेत बनवायला घेतले. त्यातून १९५९ मध्ये सायटाराबिन तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. स्पंज पाण्याबाहेर निघाल्यापासून औषध पेशंटपर्यंत पोचायला चोवीस वर्षं लागली. आमच्या क्षेत्रात हा वेग चांगला मानतात.

मी धारूरची. बालाघाटच्या डोंगरात वाढले, समुद्र पाहिला तो नोकरीच्या निमित्तानं. गोव्याच्या किनाऱ्यावर स्पंजांचे अर्क काढण्याचं काम केलं आणि मग रसायनशास्त्र शिकवायला आपल्या जिल्ह्यात परत आले. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ ची. १९९० च्या दशकात ‘समुद्रातून औषधं’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम देशभरच्या प्रयोगशाळांत चालला आणि लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था त्याची सूत्रं सांभाळायची. त्यामुळे आपल्याकडे हे काम नवीन नाही. फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत, कारण त्यात दाखवण्यासारखं फार थोडं असतं.

काय असतं ते सांगते. ओहोटीला खडकाच्या पोटाशी पिवळे, केशरी, विटकरी, काळपट गोळे चिकटलेले दिसतात. ते स्पंज. हात लावला तर काही जातींच्या अंगातल्या काचेसारख्या बारीक सुया बोटांत शिरतात आणि दोन दिवस खाज जात नाही, म्हणून हातमोजे घालायचे. पाण्याबाहेर काढल्यावर थोड्याच वेळात तो सडका वास मारू लागतो. त्याला ताबडतोब बर्फात किंवा अल्कोहोलमध्ये टाकावं लागतं. पहिला तुकडा रसायनाला द्यायचा नाही. तो चिठ्ठी लावून प्राणिशास्त्रज्ञांसाठी बाजूला ठेवायचा, कारण जात ओळखण्यासाठी त्या सुयाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. जात ठरली नाही तर पुढचं सगळं काम वाया, कारण तोच स्पंज पुन्हा आणायचा झाला तर कुठला आणायचा?

मग उरलेल्याचे तुकडे करून मिथेनॉलमध्ये भिजवायचे. द्रावण तांबूस-तपकिरी होतं. गाळून, कमी दाबाखाली मिथेनॉल उडवलं की तळाशी चिकट थर राहतो. नवीन आलेली मुलं वजन करून खूश होतात, एवढा अर्क मिळाला म्हणून. त्यातलं पुष्कळसं समुद्राचं मीठ असतं. मीठ काढलं, चरबी काढली, की हाती जे राहतं ते नखावर मावेल एवढं. आणि तेही एका पदार्थाचं नसतं, शेकडो पदार्थांची ती खिचडी असते. सिलिकाच्या नळीतून ती उतरवत एकेक भाग वेगळा करत बसायचं. कुठला भाग विषारी आहे हे पाहायची एक साधी चाचणी आहे. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या बारक्या कोळंबीची अंडी दिवसभरात फुटतात. त्या पिल्लांच्या पाण्यात अर्काचा थेंब टाकायचा, दुसऱ्या दिवशी भिंगाखाली मेलेली पिल्लं मोजायची. ज्या भागात पिल्लं मरतात त्याच्या मागे लागायचं.

या कामात एक फसगत जगभर होत आली आहे. नवा पदार्थ मिळाला असं वाटतं, यंत्रावर आलेख सुरेख येतो, सगळे खुर्ची ओढून भोवती जमतात, आणि निघतो तो थॅलेट. म्हणजे प्लॅस्टिकचा कॅन किंवा रबरी नळी मऊ राहावी म्हणून कारखान्यात घातलेलं रसायन! ते द्रावणात उतरलेलं असतं, स्पंजाचा त्यात काही भाग नसतो. अनुभवी माणूस आलेखाच्या दोन रेघा पाहूनच मान हलवतो.

स्पंजाला हे विष लागतं कशाला, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही, मेंदू नाही. जिथं रुजला तिथंच जन्म काढायचा. मासे लचके तोडतात, शेजारचे प्रवाळ आणि शैवाल जागेसाठी अंगावर येतात. अशा जिवाकडे एकच शस्त्र उरतं, रसायन. आणि त्यातली कितीतरी रसायनं स्पंज स्वतः बनवतही नाही, त्याच्या अंगात वस्तीला असलेले जिवाणू बनवतात.

समुद्र सोडून जरा जमिनीवर येऊ, कारण याच शोधातलं एक फार मोठं नाव आपल्या खानदेशातलं आहे आणि ते शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नाही. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून बीएस्सी, एमएस्सी, मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये डॉक्टरेट. नंतर नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्यासोबत ते वनस्पतींमधली कर्करोगविरोधी द्रव्यं शोधू लागले. एका चिनी झाडापासून या दोघांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन जगासमोर ठेवलं. १९७१ मध्ये टॅक्सॉल. आज स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल म्हणून जे देतात ते हेच. एका माणसाच्या हाती असे दोन रेणू लागणं ही असामान्य गोष्ट आहे.

यू नावाच्या झाडाची बारा किलो वाळलेली साल आणि खोड यांच्या अर्कातून अर्धा ग्रॅम टॅक्सॉल मिळाला होता. आतली रचना समजायला स्फटिक हवेत, आणि हा रेणू स्फटिकच होईना. वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हळुवार फोडला, तुकड्यांचे स्फटिक केले, क्ष-किरणांनी तुकड्यांची रचना काढली आणि त्यावरून अख्ख्या रेणूचा नकाशा जुळवला. एवढं करून १९७१ मध्ये छापलं, तर फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पदार्थ पाण्यात विरघळत नाही, झाड वाढायला अनेक दशकं, साल सोलली की झाड मेलं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी तो पेशीला नेमका कुठं धरतो हे दाखवलं तेव्हा लोक हलले. परवानगी आली १९९२ च्या शेवटच्या आठवड्यात. जंगलातली झाडं वाचली ती युरोपातल्या यूच्या पाल्यातून अर्धवट रेणू काढून त्याला उरलेली शेपटी प्रयोगशाळेत जोडता येऊ लागली म्हणून. पाला तोडला तर पुन्हा फुटतो.

कॅम्प्टोथेसिनची गत तर याहून बिकट. चाचण्यांत पेशंटच्या मूत्राशयाला इजा होऊ लागली, गुण पुरेसा दिसेना, आणि १९७२ च्या सुमारास तो रेणू अमेरिकेत बाजूला पडला. त्याच वर्षी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी जाहीर केलं की हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. हे झाड म्हणजे नरक्या. फुलांना घाण वास येतो, म्हणून गावकऱ्यांनी ठेवलेलं नाव. त्याच्या अर्काचा थेंब प्लेटवर टाकून अंधारात अतिनील दिव्याखाली धरला तर कॅम्प्टोथेसिनचा ठिपका लख्ख निळा चमकतो. ज्या वर्षी जगानं रेणू सोडला त्या वर्षी त्याचा सर्वांत श्रीमंत साठा कोकण-घाटमाथ्यावर सापडावा! १९८५ मध्ये तो पेशीतल्या टोपोआयसोमरेज नावाच्या विकराला अडवतो हे कळलं, १९९६ मध्ये त्यापासून बनवलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन अमेरिकेत बाजारात आली, आणि मग सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. लाकडाची पोती भरून जाऊ लागली. नंदुरबारच्या माणसाच्या शोधाची किंमत आपल्याच डोंगरातल्या झाडानं मोजली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आमच्या जिल्ह्याकडे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धारूरकडच्या डोंगरात ती झाडं कुणी न लावता वाढतात आणि शेरडंसुद्धा त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. आमच्या लहानपणी डोक्यातल्या उवांवर बायका सीताफळाच्या बियांची पूड लावायच्या. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते, तेव्हा हा उपाय कुणी करू नये. पण उवा का मरायच्या, याचं उत्तर रसायनशास्त्रानं दिलं आहे. सीताफळाच्या कुळात अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. १९८२ मध्ये पहिलं सापडलं आणि पुढं शेकडो निघाली. सीताफळाच्या बियांतलं स्क्वामोसिन त्यातलंच. पेशीतल्या ऊर्जेचा कारखानाच ती बंद पाडतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी झपाट्यानं मरतात.

इथूनच माझी काळजी सुरू होते. एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री फोन आला. त्याच्या आईला कर्करोग निघालेला.

“मॅडम, सीताफळाचा पाला उकळून रोज ग्लासभर द्या म्हणतेत. मोबाइलवर आलंय, केमोपेक्षा भारी आहे म्हणून. देऊ का?”

“देऊ नको, बाळा. आणि केमो सोडू नको.”

“पण पेशी मरतेत असं तुम्हीच शिकवलं होतं की.”

त्याचं खरं होतं. पेशी मरतात. पण बशीत फक्त कर्करोगाच्या पेशी असतात आणि आईच्या अंगात मेंदूच्याही असतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर सीताफळाच्याच भावकीतलं एक फळ आणि त्याच्या पाल्याचा काढा लोक नेहमी घेतात. तिथं कंपवातासारखा एक वेगळाच आजार मोठ्या प्रमाणात दिसला आणि १९९९ पासून डॉक्टरांचा संशय त्या काढ्यावर आहे. शिवाय ग्लासभर पाण्यात किती द्रव्य उतरलं, त्यातलं आतड्यातून किती रक्तात गेलं, गाठीपर्यंत किती पोचलं, कुणी मोजलेलं नाही. न मोजलेल्या वस्तूला आमच्याकडे औषध म्हणत नाहीत. त्या रात्री मी त्याला बराच वेळ एक गोष्ट सांगितली. कर्करोगावर काहीतरी सापडणं आणि पेशंटला औषध मिळणं यांच्यामध्ये काय काय येतं, ते त्या गोष्टीइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठं दिसत नाही.

जपानमध्ये टोकियोच्या दक्षिणेला मिउरा द्वीपकल्प आहे. तिथल्या किनाऱ्यावरचा हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई हा काळा स्पंज दाइसुके उएमुरा आणि त्यांचे गुरू योशिमासा हिराता यांनी घेतला. थोडाथोडका नव्हे, सहाशे किलो. तो सगळा चिरून, भिजवून, गाळून, एकेक भाग वेगळा करत शेवटी हॅलिकॉन्ड्रिन बी हा पदार्थ हाती आला साडेबारा मिलिग्रॅम. मिठाचे चार-दोन खडे धरा. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी हे प्रसिद्ध केलं. उंदरांतल्या कर्करोगावर त्याचा परिणाम अफाट होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं तो पुढच्या तपासणीला निवडला, आणि लगेच प्रश्न आला की माणसांवरच्या चाचण्यांना सुमारे दहा ग्रॅम लागणार, ते आणायचे कुठून?

न्यूझीलंडच्या कायकोरा किनाऱ्याबाहेर शंभर मीटर खोल पाण्यात एक पिवळा स्पंज आहे. त्यातही हॅलिकॉन्ड्रिन निघालं. कँटरबरी विद्यापीठाच्या जॉन ब्लंट आणि मरे मन्रो यांच्या गटानं परवानगी घेऊन एक टन स्पंज काढला. त्यातून मिळाले सुमारे तीनशे मिलिग्रॅम. समुद्रतळाची पाहणी केली तेव्हा तिथं तो स्पंज सगळा मिळून तीनशे टनांच्या आसपास असावा असा अंदाज निघाला. हिशेब सोपा आहे. फक्त चाचण्यांपुरते दहा ग्रॅम काढायचे तर तेहतीस टन, म्हणजे त्या समुद्रातला नववा हिस्सा खरवडायचा. औषध लागू पडलं असतं तर पुढच्या वर्षी काय केलं असतं? त्यांनी दोरांवर स्पंजाचे तुकडे लटकवून शेतीही करून पाहिली. तुकडे वाढले, द्रव्यही देत राहिले. पण जगभरच्या पेशंटना पुरेल एवढं त्यातून निघणं शक्य नव्हतं.

वाट निघाली ती भलतीकडून. हार्वर्डमध्ये योशितो किशी होते. तेही नागोयाला हिरातांकडेच शिकलेले, म्हणजे उएमुरांचे गुरुबंधू. रेणू जोडण्याच्या एका नव्या क्रियेची कसोटी पाहायला त्यांना एक अवघड रेणू हवा होता, आणि हॅलिकॉन्ड्रिनहून अवघड शोधूनही सापडला नसता. त्यात बत्तीस जागा अशा आहेत जिथं अणूंची मांडणी डावी किंवा उजवी होऊ शकते. एक जागा चुकली तरी तो हॅलिकॉन्ड्रिन राहत नाही. बत्तीस जागांच्या सगळ्या शक्यता मोजल्या तर चारशे एकोणतीस कोटी भरतात, आणि बरोबर फक्त एक. किशींच्या गटानं १९९२ मध्ये तो संपूर्ण रेणू बनवला.

मला आवडणारा भाग यापुढचा आहे. पूर्ण रेणू बनवताना आधी त्याचे मोठमोठे तुकडे बनवावे लागतात. ते अर्धवट तुकडे एसाई या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ब्रूस लिटलफील्ड यांच्याकडे तपासायला गेले. रेणूचा उजवा अर्धा भाग एकटाच पेशी मारत होता. डाव्या अर्ध्याची गरजच नव्हती! मात्र अडचण अशी की औषध धुऊन टाकलं की पेशी पुन्हा उठायच्या. मग त्या अर्ध्या रेणूत इथं एक अणू बदल, तिथं एक कडी बदल, असं करत दोनशेच्या आसपास नमुने बनले. त्यातला एक टिकला. तो एरिब्युलिन. कारखान्यात बनवायला बासष्ट पायऱ्या, त्या काळात कुठल्याही कंपनीनं वेडेपणा म्हटला असता असा आकडा.

शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग आणि आधीची औषधं थकलेली, अशा ७६२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. इतर उपचार घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १०.६ महिने भरलं, एरिब्युलिन घेणाऱ्यांचं १३.१. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. अडीच महिने. माझ्या विद्यार्थ्यानं फोनवर विचारलं, एवढ्या सगळ्याचे अडीचच महिने? मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला आणखी अडीच महिने मिळाले तर तू कमी म्हणशील का? तो गप्प राहिला आणि मग केमोची पुढची तारीख काय, ते सांगू लागला.

किशी नंतरही थांबले नाहीत. सोडून दिलेल्या डाव्या बाजूसकट हॅलिकॉन्ड्रिनच्या घराण्यातला पूर्ण आकाराचा रेणू औषधाच्या दर्जानं बनवायचा, हे काम त्यांनी ऐंशीच्या घरात असताना एसाईसोबत पुरं केलं. २०१९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. स्पंज एकही नाही, सगळं काचेच्या भांड्यांत, शुद्धता ९९.८ टक्के. एका खेपेत तयार झाले साडेअकरा ग्रॅम, आणि ते जपानमध्ये पेशंटवरच्या पहिल्या चाचणीला गेले.